गार्डला बांधू नका

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, सकाळी साडेसातला,
शलाकाची गाडी फळीवरून ट्रकात चढवली
तेव्हा चौघांत मिळून एकच शब्द होता : हळू.

टाकी रात्रीच रिकामी केली, दापोडीत, जिन्याखाली.
दोन बाटल्या भरल्या.
शेवटचा घोट राहतोच तळाशी, कितीही कलती करा.
आरसे काढले. बॅटरीची वायर सोडली.
आरसीच्या झेरॉक्स तीन. त्यातली एक माझ्या खिशात,
का, ते विचारू नका.

क्रॅश गार्ड तसाच ठेवला.
नाना पेठेतून मीच आणला होता,
तिनं गाडी घेतली त्याच आठवड्यात.
दुकानदारानं दोन मांडले समोर :
एक दिसायला, एक पडायला.
मी नळी नखानं वाजवून बघितली.
बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फिटर,
पोकळ आवाज मला कळतो.
पडायचा घेतला.
शलाका म्हणाली, बाबा, हा गार्ड आहे की गॅलरीचा कठडा?

पुढच्या वर्षी वरंध्यात पडली, खडीवर.
फोनवर आधी म्हणाली, गाडीला काही नाही.
मग रेंज गेली.
तो पाऊण तास मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
डावीकडचा गार्ड आत वळला होता,
आणि तिच्या नडगीच्या
बोटभर अलीकडे थांबला होता.
सरळ करून द्या, मी मेकॅनिकला म्हणालो.
तो म्हणाला, वाकलेलं सरळ होतं हो,
पण पुन्हा भरवसा नाही त्याचा.
बदला, नाहीतर राहू द्या.
तिनं राहू दिलं.

आता नोकरी गुवाहाटीला.
ती विमानानं गेली, गाडी अशी.

पहिला पट्टा मी गार्डलाच घातला.
त्याच्याइतकं मजबूत गाडीवर होतं काय दुसरं?
ट्रकवरचा पोरगा, बिभीषण, अहमदपूरकडचा,
फळीवरून उडी मारून आला.
"काका, गार्डला नका बांधू.
ते पडायसाठी असतंय, ओढायसाठी नाही.
खड्ड्यात ट्रक उडला की बोल्ट ढिलं होतंय
आन् गाडी आडवी."

मी फिटर. काही बोललो नाही.

त्यानं हँडलखाली, टीच्या जवळ,
फडक्याची घडी ठेवून पट्टा घेतला.
दोन पुढे, दोन मागे, चारी तिरके.
चाकांना लाकडी ठोकळे.
रॅचेट माझ्या हातात दिलं.
कट. कट. कट.
पुढचे शॉकअप बसत गेले, गाडीनं मान खाली घातली,
मी अजून चार दात घेतले असते,
त्यानं माझं मनगट धरलं.
"बास. निम्मं दाबायचं.
सगळं दाबलं तर सील जातंय,
तेल गळत जाईल पार आसामपोत्तर.
जरा हलायला ठेवावं लागतंय तिला."

वय विचारलं. वीस, म्हणाला, कागदावर एकवीस.

पट्ट्यांची लोंबती टोकं वाऱ्यावर फडफडतात,
रंग खातात.
ती गुंडाळून गाठ मारायचं काम त्यानं मला दिलं.
मी चारही गाठी मारल्या,
चौथी सोडून पुन्हा मारली.
मग मागचं फळकट लागलं
आणि आत नुसता अंधार, पेट्रोलच्या वासाचा.

बसमध्ये, नाशिक फाटा आला तेव्हा, लक्षात आलं :
आरसे माझ्याच पिशवीत.
तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेले.
फोन लावला.
"कुरिअर करा हो. आणि बाबा, जेवलात का?"
सव्वानऊला कोण जेवतं.

एका आरशावरची ओढणी सरकली होती.
त्यात मागच्या सीटवर पेपर दुमडणारा एक माणूस,
त्याच्या मागे काच,
काचेमागे निगडीचा रस्ता, चिंगळीएवढा होत चाललेला.
मी बघत बसलो.
फुगेवाडी कधी गेली कळलं नाही.

दापोडीला उतरताना कंडक्टर म्हणाला,
काका, पिशवी सांभाळा,
काच आहे वाटतं आत.